मूक झालेले यंत्र

(चेन्नईतील टी. नगर येथे गृहोपयोगी यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांपुढे आणि जिज्ञासू नागरिकांपुढे दिलेले व्याख्यान)



थंडावा ही या शहरात एके काळी जहाजाने येणारी वस्तू होती. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याचा बर्फ साठवण्यासाठी १८४२ साली बांधलेले बर्फघर मरीना किनाऱ्यालगत आजही उभे आहे. पुढे स्वामी विवेकानंदांच्या वास्तव्यामुळे त्याला त्यांचे नाव मिळाले. १९५८ साली गोदरेजने भारतात रेफ्रिजरेटर तयार करण्यास प्रारंभ केला, आणि काही दशकांतच ही चैनीची वस्तू मध्यमवर्गीय घराची गरज बनली. आज या टी. नगरातील एखाद्या घरी रेफ्रिजरेटर बंद पडला, तर केवळ दूध नासते असे नाही. त्या घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे त्याचे इन्सुलिनही धोक्यात येते. म्हणून आजचा विषय तांत्रिक असला, तरी त्याचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही.

जुन्या रेफ्रिजरेटरमध्ये एक थर्मोस्टॅट, एक रिले आणि एक कॉम्प्रेसर असे. तापमान वाढले की थर्मोस्टॅटमधील संपर्क जुळे आणि कॉम्प्रेसर सुरू होई. त्या यंत्रात संभाषण नव्हते. केवळ आज्ञा होती. नव्या इन्व्हर्टर रेफ्रिजरेटरची गोष्ट निराळी आहे. त्यात बहुधा तीन बोर्ड असतात. दारावरील दर्शक बोर्ड आपली इच्छा नोंदवतो. मुख्य बोर्ड तापमानाचे संवेदक वाचतो, पंखे आणि हीटर चालवतो व निर्णय घेतो. इन्व्हर्टर बोर्ड कॉम्प्रेसरचा वेग कमी-अधिक करतो. हे तिघे बारीक तारांतून, सेकंदाला शेकडो वा हजारो स्पंदांच्या रूपाने, एकमेकांशी बोलत असतात. ठरावीक वेळात उत्तर आले नाही, तर दर्शकावर एक सांकेतिक अक्षर वा अंक उमटतो: संपर्क तुटला आहे.

येथेच पहिली सावधगिरी बाळगली पाहिजे. हा संकेत काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घ्यावे. पत्राचे उत्तर आले नाही, एवढ्यावरून पत्र लिहिणारा दोषी, टपालवाला दोषी, की ज्याला पत्र धाडले तो आजारी, हे ठरत नाही. त्याचप्रमाणे संकेत केवळ मौनाची वार्ता देतो. मौन कोणाचे, हे आपल्याला शोधावे लागते. संकेत वाचताच मुख्य बोर्ड बदलण्याची जी रीत पडली आहे, तिचे मूळ या एका गैरसमजात आहे.

तेव्हा प्रारंभ कोठून करावा? हत्यार हाती घेण्यापूर्वी, काय अद्याप चालू आहे ते पाहावे. कॉम्प्रेसर चालत आहे, आत थंडावा आहे, पण दारावरील बटणे दाद देत नाहीत. अशा वेळी मुख्य बोर्ड आणि इन्व्हर्टर यांचे संभाषण शाबूत आहे आणि शोध दाराच्या वाटेवर घ्यावयाचा आहे. उलट दर्शक व्यवस्थित आहे, दिवा लागतो, आतील पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर निश्चल आहे. तर शोध यंत्राच्या मागील, खालच्या भागात घ्यावा. पाच मिनिटांच्या या निरीक्षणाने निम्मे क्षेत्र वगळले जाते.

यानंतर यंत्राचा वीजपुरवठा काही मिनिटे तोडून पुन्हा जोडावा. विजेच्या क्षणिक चढउताराने गोंधळलेला बोर्ड यामुळे पुष्कळदा ताळ्यावर येतो. मात्र दोष दोन-चार दिवसांनी परतला, तर तो बरा झाला नव्हता, दडला होता, असे समजावे.

तिसरी पायरी पुरवठ्याची. ज्याला अन्नच मिळत नाही, तो बोलणार कसा? दर्शक बोर्डाला बहुधा ५ किंवा १२ व्होल्टचा एकदिश पुरवठा मिळतो. तो केवळ मुख्य बोर्डापाशी मोजून भागत नाही. दाराच्या टोकाशी, भार जोडलेला असताना मोजावा. तेथे तो घटलेला आढळला, तर एकेक उपांग सोडवून पाहावे. एखादा बिघडलेला पंखा किंवा ओल शिरलेला संवेदक सर्व पुरवठा खाली ओढतो आणि बिचाऱ्या दर्शकावर मौनाचा आरोप येतो.

पुरवठा ठीक असेल, तर वाट तपासावी. दाराच्या तारा वरच्या बिजागरीतून जातात. दिवसातून कित्येक वेळा दार उघडते, तितक्या वेळा त्या वाकतात. वर्षानुवर्षांच्या या वाकण्याने आवरण अखंड राहते, पण आतील तांब्याचे तंतू तुटतात. अशी तार दार बंद असताना जोडलेली आणि अर्धे उघडताच तुटलेली असू शकते. म्हणून वीज बंद करून, दोन्ही टोकांचे कनेक्टर सोडवून तारेची अखंडता मोजताना दार हळूहळू हलवावे. स्थिर दारावर घेतलेले माप येथे फसवते.

चेन्नईत याला आणखी एक कारण जोडावे लागते. समुद्रावरून येणाऱ्या दमट, खारट हवेमुळे कनेक्टरच्या टोकांवर हिरवट थर चढतो. इन्व्हर्टर बोर्ड अनेक नमुन्यांत कॉम्प्रेसरजवळ, जमिनीलगत असतो. टी. नगर हे १९२० च्या दशकात एका जुन्या तलावाच्या पात्रावर वसवले गेले, हे आपण जाणताच. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ च्या पुरात शहरातील तळमजल्यांत पाणी शिरले, तेव्हा असे बोर्ड प्रथम भिजले. वाळल्यानंतर काही काळ चाललेला बोर्डही पुढे गंजाने दगावतो. पाली, मुंग्या आणि झुरळे यांनाही ही उबदार जागा प्रिय असते. म्हणून भिंग आणि विजेरी ही मल्टिमीटरइतकीच आवश्यक हत्यारे आहेत.

वाटही निर्दोष ठरली, तर संभाषण ऐकावे. ऑसिलोस्कोप असल्यास उत्तम. नसल्यास मल्टिमीटरही बरेच सांगतो. अनेक रचनांत संदेशाची तार विश्रांतीच्या वेळी ५ व्होल्टवर असते. संभाषण चालू असेल, तर माप थोडे खाली येऊन थरथरते. माप ५ वर स्थिर असेल, तर कोणी बोलत नाही. शून्यावर स्थिर असेल, तर कोणीतरी त्या तारेचा गळा दाबून ठेवला आहे. आता दर्शकाचा कनेक्टर सोडवावा. तार पुन्हा ५ व्होल्टवर आली, तर दोष दर्शकात. न आली, तर तारेत किंवा मुख्य बोर्डात. मग मुख्य बोर्डापाशी तार सोडवून याच प्रश्नाचे उत्तर मिळवावे. प्रत्येक प्रयोगात अर्धे क्षेत्र वगळणे, हेच निदानाचे शास्त्र आहे.

इन्व्हर्टरच्या बाजूस मात्र विशेष दक्षता हवी. तेथे २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत पोहोचतो आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो. थांबावे, मोजावे, आणि मगच हात लावावा. तसेच नव्या यंत्रांत पुष्कळदा आर-६०० ए हा ज्वालाग्राही वायू असतो. त्याची गळती असल्याचा संशय असताना ठिणगी किंवा सोल्डरिंगची ज्योत जवळ आणू नये. कॉम्प्रेसरच्या तीन टोकांपैकी कोणत्याही दोहोंमधील रोध समान यावा. असमान आला, तर नवा बोर्ड बसवूनही उपयोग नाही. कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांतील दोषाने जळालेला बोर्ड बदलला आणि मूळ दोष राहिला, तर नवा बोर्डही जळतो.

एवढे सर्व झाल्यावर, आणि एवढे झाल्यावरच, बोर्ड बदलण्याचा निर्णय घ्यावा. तत्पूर्वी त्यावरील तडकलेला सांधा सोल्डर करून किंवा फुगलेला कपॅसिटर बदलून काम भागते का, हेही पाहावे. रिची स्ट्रीटवर असे सुटे भाग मिळतात.

हा क्रम कोणाला लांबलचक वाटेल. परंतु तो स्वस्ताकडून महागाकडे, आणि परतवता येणाऱ्या कृतीकडून न परतवता येणाऱ्या कृतीकडे जातो. दोन तंतू तुटलेल्या तारेसाठी ग्राहकाने बोर्डाची किंमत मोजणे हा अन्याय आहे, आणि चांगला बोर्ड कचऱ्यात जाणे ही हानी आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात अंमलात आले. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली. तो हक्क कागदावर मिळाला, तरी त्याचा उपयोग करणारा कारागीर सर्किटचा आराखडा वाचू शकणारा आणि ‘अद्याप सापडले नाही, आणखी तपासतो’ असे ग्राहकाला सांगू शकणारा असला पाहिजे. ग्राहकानेही तपासणीला लागणाऱ्या वेळेचे मोल द्यावयास शिकले पाहिजे. केवळ बदललेल्या भागाचेच पैसे मिळत असतील, तर भाग बदलण्याचाच मोह होणार.

दरम्यान घरातील मंडळींनी एक करावे: दार शक्यतो उघडू नये. बंद रेफ्रिजरेटर साधारणपणे चार तास थंडावा धरतो. या शहराच्या मे महिन्यात त्याहून कमीच धरावा. इन्सुलिन असेल, तर ते प्रथम शेजारच्या घरी हलवावे आणि मग कारागिराला बोलवावे. त्याला निदानासाठी निवांत वेळ मिळतो, तो याच दूरदृष्टीमुळे.