शेतघरातील दिवा आणि त्याची निगा
(आंबिवली येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपणांपैकी बहुतेकांचा चरितार्थ आज कल्याण-डोंबिवलीत किंवा मुंबईत चालतो. तथापि काळू नदीच्या काठी अथवा मुरबाड-शहापूरकडे वडिलार्जित जमीन आणि तीवरचे एखादे कौलारू घर अद्याप पुष्कळांच्या नावावर आहे. सणावारी आपण तेथे जातो आणि तिन्हीसांजेपूर्वी परत फिरतो, कारण घरात दिवा नाही. ज्या घरी रात्री दिवा लागत नाही, ते घर सातबाऱ्यावर आपले असूनही हळूहळू परके होते. पुढे ते विकण्याचा विचार कोणालाही सहज पटतो. म्हणून बाहेरच्या तारेवाचून आपल्या आवारातच वीज कशी निर्माण करावी आणि ती कशी टिकवावी, हा विषय आम्ही निवडला आहे.

आपल्या परिसराला वीज नवी नाही. ठाकुर्लीजवळचे रेल्वेचे चोळा वीजगृह १९२९ साली सुरू झाले. परंतु वीज जवळून गेली म्हणजे घरात आली, असे नव्हे. मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावर समुद्रतळातील केबलने वीज पोहोचली ती २०१८ साली!

जेथे तार पोहोचली नाही, तेथे काय करावे, याचा धडा आपल्या शेजारीच आहे. माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुका लागतो. त्या तालुक्यातील दरेवाडीत २०१२ साली ३९ घरांसाठी ९.४ किलोवॉट क्षमतेची सौर योजना उभी राहिली. यंत्रसामग्रीसाठी बाहेरून साहाय्य मिळाले. मात्र कारभार गावकऱ्यांच्या न्यासाकडे आला. घरोघर मीटर बसले आणि वापराप्रमाणे पैसे गोळा करून देखभालीची तरतूद झाली. सूर्य फुकट आहे, पण दिवा फुकट नाही, हे त्या लहानशा वाडीने ओळखले.

आता घरचा हिशेब मांडू. नऊ वॉटचे पाच दिवे पाच तास, तीस वॉटचे दोन नवे पंखे दहा तास, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप एक तास आणि किरकोळ वापर, एवढ्यास दिवसाकाठी सुमारे दीड युनिट पुरते. जुने पंचाहत्तर वॉटचे पंखे ठेवले, तर केवळ पंख्यांनाच दीड युनिट लागेल. तेव्हा आधी गरज कमी करावी, मग पॅनेल घ्यावे. एक किलोवॉटच्या पॅनेलला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि स्वच्छ उन्हात ते दिवसाला चारेक युनिट देते.

मात्र आपली परीक्षा वैशाखात नसून आषाढात आहे. दाट ढगांच्या दिवसांत त्यातला चौथा हिस्साच हाती येतो. सुदैवाने त्या दिवसांत पंपाची गरज नसते. बाराव्होल्टी, दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट मावते. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून अशा दोन घ्याव्या. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांस बॅटरी उंचावर ठेवा, हे सांगावयास नको.

स्वयंपाकाचा भार या विजेवर मुळीच टाकू नये. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून गोबरगॅसचा पुरस्कार केला, तो मार्ग अजूनही उत्तम आहे. चार-पाच गुरांचे रोजचे पन्नास किलो शेण दोन घनमीटरच्या संयंत्रास पुरते. त्यावर लहान कुटुंबाची चूल चालते आणि खतही मिळते. गुरे नसतील, तर हा खटाटोप करू नये.

जेथे महावितरणचा खांब दाराशी आहे, तेथे निराळा विचार करावा. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान, जे घरगुती छपरासाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपये ठरले, ते तारेला जोडलेल्या संचासाठी आहे. बॅटरीवरील स्वतंत्र संचासाठी नव्हे.

शेवटी मुख्य गोष्ट. वडिलार्जित घर एकाचे नसते. ते चार भावांचे असते. पॅनेलसाठी चौघे उत्साहाने वर्गणी देतात. पण पॅनेलवरची धूळ कोणी पुसावी, बॅटरीत शुद्ध पाणी कोणी घालावे, हे ठरलेले नसते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. शिसे-आम्लाची बॅटरी बहुधा तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. त्या वेळी पैसा हाती नसेल, तर सगळा संच अडगळ होतो आणि भाऊबंदकीला नवे निमित्त मिळते. म्हणून आमची विनंती अशी की, पहिले पॅनेल चढण्यापूर्वीच भावांनी एकत्र बसावे, बॅटरीसाठी दरमहा ठरावीक रक्कम वेगळी काढावी आणि देखभालीची पाळी लिहून ठेवावी. दरेवाडीच्या ३९ घरांना जे साधले, ते एका आजोबांच्या नातवंडांना अशक्य आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही.