दुपारी बंद पडणारा कॉम्प्युटर

मंडळी, नवतपा तोंडावर आलेला असताना तुम्ही घरचा कूलर सोडून इथे आलात. त्यामुळे फार ताणत नाही.

एका मे महिन्यात आमचा कॉम्प्युटर सकाळी गुमान चालायचा आणि दुपारी दोनच्या सुमारास धप्पकन बंद पडायचा. दुकानात नेला. दुकान वातानुकूलित, वेळ सकाळची. तिथे कशाला बंद पडतोय! तरी निदान झालंच, "मदरबोर्ड गेला." आपल्याकडे मदरबोर्ड फार लवकर जातो, कारण तो गेला म्हटलं की पुढे काही तपासावं लागत नाही.

घरी आणून दुपारीच बसलो. दुपारचं दुखणं सकाळी तपासून काय हाती लागणार? आधी रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, एकच पट्टी लावून पाहिलं. फरक नाही. बायॉसमध्ये प्रोसेसरचं तापमान पाहिलं, ते ठीक. उरला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. तो बोर्डापासून सोडवून चोवीस पिनांच्या जोडातली हिरवी तार काळीला यू-पिनेने जोडली, की तो एकटाच सुरू होतो. झालाही. पण पोळ्याच्या दिवशी कुठलाही बैल देखणाच दिसतो, जोर कळतो तो नांगराला जुंपल्यावर. म्हणून परत जोडला, मशीन चालू ठेवली आणि हार्डडिस्ककडे जाणाऱ्या पिवळ्या तारेला मल्टिमीटर लावला. तिथे १२ व्होल्ट हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. सकाळी ११.९ होते. दुपारी ११.२ दिसले आणि पडदा काळा.

शेजाऱ्यांचा एसएमपीएस मागून आणला. दुपार सुखाने गेली. इथे बहुतेक जण थांबतात. मी आमचा जुना पुन्हा बसवला आणि तासाभरात मशीन पुन्हा बंद! हे उलटं पाऊल फार मोलाचं. नाहीतर नवा भाग बसवताना एखादा ढिला जोड आपसूक घट्ट होतो आणि दोष भलत्यावरच जातो. एका वेळी एकच वस्तू बदलायची ती याचसाठी.

जाळीतून पाहिलं तर जुन्या एसएमपीएसचा पंखा धुळीने जाम. कूलरसमोरच कॅबिनेट ठेवलं होतं. खसेतून येणाऱ्या ओलाव्याने धूळ लिंपल्यासारखी बसलेली. त्यात आपलं नागपूर. मे २०१३मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. हिशेब तुम्हीच करा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघून घ्या. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. त्यात पाणी घालत जा.

आणि एक विनंती. ऐकून हुरूप आला तरी एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट काही वेळ तसेच असतात.