आधी मंडळ, मग संकेतस्थळ



आपल्या लोकांसाठी शिकण्याचं एक संकेतस्थळ काढावं, असं आज अनेकांच्या मनात येतं. त्यात शिक्षक असतात, बागायतदार असतात, एखाद्या वाचनालयाचे कार्यकर्ते असतात. इच्छा फार मोलाची आहे. पण बैठक बसली, की बोलणं सुरू होतं ते नाव काय ठेवायचं आणि व्हिडिओ किती टाकायचे यावर. मला आज त्याच्या आधीच्या कामाविषयी बोलायचं आहे. समाजानं मिळून शिकायचं, तर त्याचा पाया कसा घालावा, याचा एक धडा आपल्या नाशिक जिल्ह्यानं फार पूर्वी गिरवला आहे, आणि तोही रेडिओच्याच साथीनं.

साल 1956. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. युनेस्कोच्या साहाय्यानं त्या केंद्रानं तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली. एका मंडळात साधारण वीस माणसं. आठवड्यातून दोन वेळा, ठरलेल्या संध्याकाळी, ही माणसं रेडिओभोवती जमत. अर्धा तास शेती, आरोग्य, सहकार अशा विषयांवरचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर आपसांत चर्चा करत. असे वीस कार्यक्रम झाले. कॅनडातल्या शेतकऱ्यांनी 1941पासून ही पद्धत चालवली होती. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, हे त्यांचं सूत्र होतं.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी तीन प्रकारची गावं शेजारी ठेवून पाहिली. काही गावांत रेडिओ होता आणि मंडळही होतं. काही गावांत नुसता रेडिओ होता. काही गावांत दोन्ही नव्हतं. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती वाढ अगदी थोडी होती. आवाज तोच होता, कार्यक्रम तेच होते. फरक पडला तो ऐकून झाल्यावर एकत्र बसून बोलण्यामुळे.

श्रोतेहो, आजच्या कामासाठी यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची आहे. मंडळाला एक संयोजक होता. लोकांना बोलावणं, चर्चेला तोंड फोडणं, झालेलं बोलणं लिहून केंद्राला कळवणं हे काम त्याच्याकडे होतं. गावातून आलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळत. म्हणजे आपण विचारलेलं कोणीतरी ऐकतं, हे माणसाला लवकर कळत असे. आणि मंडळात शिकलेल्यांबरोबर निरक्षर माणसंही बसत आणि बोलत. ज्याला अक्षर येत नाही, त्याला पिकाचं, पाण्याचं, गावाचं ज्ञान नसतं असं थोडंच आहे?

1959पासून ही योजना देशभर नेली गेली. मंडळांची संख्या हजारोंवर गेली. पण पहिल्या प्रयोगात संयोजकांच्या पाठीशी जी तयारी आणि जो पाठपुरावा होता, तो विस्तारात तितका राहिला नाही, आणि हळूहळू मंडळं ओसरली. रेडिओ संच बसवणं सोपं होतं. माणसांची साखळी वर्षानुवर्षं सांभाळणं अवघड होतं.

हीच साखळी पुढे आपल्या नाशिकनं वेगळ्या रूपात बांधली. 1 जुलै 1989 रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ज्ञानगंगा घरोघरी हे विद्यापीठाचं ब्रीद. पण घरोघरी नुसती पुस्तकं धाडून काम भागणार नाही, हे तिथे सुरुवातीपासून ओळखलं होतं. म्हणून एकट्यानं वाचलं तरी समजावीत, अशी स्वयंअध्ययनाची पुस्तकं लिहवून घेतली. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं उघडली. तिथे विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर द्यायला संमंत्रक नेमले. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती, त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. शिकणारा कोण आहे आणि तो कुठे अडतो, याचा विचार आधी झाला.

आपल्या जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदार हे तत्त्व रोज जगतात. आधी डॉगरिज जातीचा खुंट लावायचा, त्याच्या मुळ्या जमिनीत नीट धरू द्यायच्या आणि मग त्यावर हव्या त्या वाणाचं कलम करायचं. संकेतस्थळ हे कलम आहे. खुंट म्हणजे माणसांचं मंडळ.

मग सुरुवात कुठून करावी? पंधरा-वीस माणसांपासून. वाचनालयाची खोली चालेल, शाळेचा वर्ग चालेल, सोसायटीचं कार्यालय चालेल. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840पासून चालत आलं आहे. एकत्र बसायच्या जागा या शहरात आणि जिल्ह्यात आहेत. त्या माणसांना काय शिकायचं आहे, ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. बागलाण-कळवणमध्ये ते अहिराणीत येईल, सुरगाणा-पेठमध्ये कोकणा किंवा वारली बोलीत येईल, मालेगावात उर्दूतही येईल. पुस्तकी मराठीतला धडा तिथे अर्धाच पोहोचतो. म्हणून त्या त्या बोलीत ध्वनिमुद्रण करा. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते ऐकता येईल.

दुसरी गोष्ट उत्तराची. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला आणि बागेत डाऊनी रोग दिसू लागला, तर बागायतदाराला उत्तर त्याच दिवसांत हवं. महिन्यानं आलेलं उत्तर अचूक असलं, तरी घड गेलेले असतात. म्हणून कोणत्या विषयाला कोण उत्तर देणार आणि किती दिवसांत, हे आधीच ठरलेलं असावं.

तिसरी गोष्ट सांभाळण्याची. उद्घाटनाला वर्गणी मिळते. तिसऱ्या वर्षी संकेतस्थळाच्या जागेचं भाडं कोण भरणार, जुनी माहिती कोण काढून टाकणार, चुकीचा सल्ला कोण दुरुस्त करणार? औषधाचं प्रमाण बदललं आणि जुना धडा तसाच राहिला, तर शिकवण्यानंच नुकसान होईल. ही जबाबदारी दोघांतिघांत वाटून द्या. एक जण दमला, तर दुसरा उभा राहील.

सगळ्यात कठीण काम संयोजकाचं. तो फार शिकलेला नसला तरी चालेल. लोकांना त्याच्याविषयी विश्वास वाटावा आणि गप्प बसलेल्याला बोलतं करण्याची कळकळ त्याच्याकडे असावी. असा माणूस तुमच्या गावात आहे. त्याला शोधा, तयार करा आणि त्याच्या कामाला मान द्या.

येत्या आठवड्यात एक बैठक घ्या. संगणक बंद ठेवा. वहीत तीन रकाने आखा: प्रश्न कोणाचा, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत देणार. ती वही काही महिने नेमानं चालली, की संकेतस्थळ कसं असावं हे तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही. आणि ती चालली नाही, तर कितीही खर्च केलात तरी संकेतस्थळ चालणार नाही.