मानेतली गाठ, कंपनीचा विमा आणि परळची वाट



रविवारची सुट्टी सोडून इतके जण आलात, त्याबद्दल आभार. ज्यांची शिफ्ट होती त्यांच्यासाठी हे बोलणं लिहूनही काढलं आहे.

आजारपणाचा विषय निघाला की आपल्या कॅम्पात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे "कंपनीला कळू देऊ नको", दुसरा "राजीनामा टाक आणि गावाला जा". थायरॉइडच्या कॅन्सरच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले माणसाला महागात पडतात. पैशाने तर पडतातच, कधी कधी तब्येतीनेही.

मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा आणि सुपरवायझरची नोकरी, एवढीच माझी ओळख. पण माझ्या गँगमधल्या एका शटरिंग कारपेंटरला हा आजार निघाला आणि त्याच्या कागदांमागे मी बरेच महिने फिरलो. त्यातून जे कळलं ते सांगतो. औषधोपचाराचा निर्णय तुमचा डॉक्टर घेईल. मी बोलणार आहे ते पैसा, कागद आणि हक्क यांबद्दल.

आधी आजार काय आहे ते बघू. थायरॉइड ही गळ्यात, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. तिच्यात गाठी होणं फार सामान्य आहे आणि त्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. म्हणून गाठ लागली की घाबरू नका, पण लपवूही नका. घोट गिळताना वरखाली होणारी गाठ, दोन-तीन आठवडे बसलेला आवाज, गिळायला त्रास, मानेच्या बाजूला कडक गोळा, यातलं काही असेल तर डॉक्टरला दाखवा. आपल्या धंद्यात सिमेंटची धूळ आणि दिवसभरची आरडाओरड, त्यामुळे आवाज बसला तरी कोणी मनावर घेत नाही. आमच्या कारपेंटरनेही चार महिने आल्याचा चहाच पिला.

तपासणी साधी आहे. रक्ताची टीएसएच चाचणी, मानेची सोनोग्राफी आणि गरज पडली तर बारीक सुई घालून गाठीतल्या पेशी तपासणं, ज्याला एफएनएसी म्हणतात. "सुई टोचली की कॅन्सर पसरतो" हे आपल्याकडे घरोघरी बोलतात. त्या भीतीने तपासणी टाळू नका.

कॅन्सर निघालाच तर सगळ्यात जास्त आढळतो तो पॅपिलरी प्रकार, आणि तो बहुतेकदा हळू वाढतो. डॉक्टरांच्या सध्याच्या वर्गवारीत पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर प्रकार असेल आणि वय 55 च्या खाली असेल, तर आजार मानेतल्या गाठींपर्यंत गेला तरी पहिलीच स्टेज धरतात. फुप्फुसात वा हाडात गेला तरी दुसरी. आपल्यातले बहुतेक जण 55 च्या आतले आहेत. मेड्युलरी आणि अ‍ॅनाप्लास्टिक हे प्रकार वेगळे, त्यातला अ‍ॅनाप्लास्टिक फार वेगाने वाढतो. म्हणून रिपोर्टवर प्रकाराचं नाव काय लिहिलंय, हा डॉक्टरला विचारायचा पहिला प्रश्न.

प्रकार साधा असेल तर डॉक्टर तुम्हाला विचार करायला काही आठवडे देतात. ते आठवडे कागद गोळा करण्यात घालवा, लपवण्यात नको.

उपचाराचे तीन टप्पे धरा. पहिला ऑपरेशन, म्हणजे अर्धी किंवा पूर्ण ग्रंथी काढणं. दुसरा किरणोत्सारी आयोडीन, पण तो सगळ्यांना लागत नाही. गाठ लहान आणि एकच असेल तर बरेचदा गरज पडत नाही. तिसरा म्हणजे थायरॉक्सिनची गोळी, पूर्ण ग्रंथी काढली तर जन्मभर. प्रत्येक टप्प्याचा हिशोब वेगळा आहे. कुठला टप्पा कुठे करायचा, यावर सगळा खर्च ठरतो.

आता इथल्या विम्याचं बघू. दुबईत 2013 च्या कायदा क्रमांक 11 नुसार कामगाराचा आरोग्य विमा कंपनीने काढायचा आणि त्याचा हप्ता पगारातून कापायचा नाही. 1 जानेवारी 2025 पासून शारजा, अजमान आणि उत्तरेकडच्या इतर अमिरातींतही व्हिसा काढताना किंवा रिन्यू करताना विमा सक्तीचा झाला आहे. दुबईत 4,000 दिरहमपेक्षा कमी पगारवाल्यांना साधारणपणे जी मूलभूत पॉलिसी असते तिची वर्षाची मर्यादा 1,50,000 दिरहम आहे. दवाखान्यात भरती झालात तर तुमचा वाटा 20 टक्के, पण एका वेळेला जास्तीत जास्त 500 आणि वर्षाला 1,000 दिरहम. त्याच्या वरचं विमा कंपनी देते.

हे आमच्या कारपेंटरला माहीत नव्हतं. 20 टक्के ऐकूनच त्याने हिशोब केला, की ऑपरेशन अमुक हजारांचं, त्याचे 20 टक्के म्हणजे आपले सहा महिन्यांचे पगार. 1,000 ची मर्यादा आहे हे कोणी सांगितलंच नाही.

पॉलिसीत अटी असतात. आधी साध्या डॉक्टरकडे जायचं, त्याने चिठ्ठी दिली की मग स्पेशालिस्टकडे. नेटवर्कमधलाच दवाखाना हवा. ऑपरेशनच्या आधी विमा कंपनीचं अप्रूव्हल लागतं. विम्यात पहिल्यांदाच आला असाल तर जुन्या आजारासाठी सहा महिने थांबावं लागतं. अप्रूव्हल नाकारलं तर "का नाकारलं" हे लेखी मागा. तोंडी नकार म्हणजे नकार नव्हे.

"कंपनीला कळलं तर व्हिसा जाईल" ही भीती मला रोज ऐकू येते. व्हिसाच्या मेडिकलमध्ये टीबी आणि एचआयव्ही तपासतात, काही कामांसाठी आणखी एक-दोन संसर्गाचे आजार. थायरॉइडचा कॅन्सर त्यात नाही.

आणि नोकरी? 2021 चा कामगार कायदा, क्रमांक 33, फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. प्रोबेशन संपलं असेल तर वर्षाला 90 दिवस आजारपणाची रजा मिळते. पहिले 15 दिवस पूर्ण पगार, पुढचे 30 दिवस अर्धा, उरलेले 45 बिनपगारी. हे दिवस सलग घ्या किंवा तुकड्यातुकड्याने. आजाराची खबर तीन दिवसांच्या आत कंपनीला द्यायची, डॉक्टरच्या रिपोर्टसकट. या रजेवर असताना कंपनी नोकरीवरून काढू शकत नाही. 90 दिवस संपूनही कामावर येता आलं नाही, तर मात्र काढू शकते, पण सगळा हिशोब चुकता करून.

म्हणून म्हणतो, राजीनामा देऊ नका. व्हिसा कॅन्सल झाला की विमाही जातो आणि रजेचा पगारही. आमच्या माणसाच्या पुढ्यात पीआरओने कॅन्सलेशनचा कागद ठेवला होता. "सही कर, तिकीट देतो." त्या कागदावर "माझं सगळं येणं मिळालं" असं लिहिलेलं असतं. पैसे हातात आल्याशिवाय त्यावर सही करायची नसते. त्याने सही केली नाही, एक दिवस मागून घेतला. तो एक दिवस त्याच्या फार कामी आला.

येणं किती होतं ते बघा. समजा बेसिक 1,200 दिरहम आणि नोकरी सहा वर्षं. रोजचे 40. पहिल्या पाच वर्षांचे दरवर्षी 21 दिवस, म्हणजे 4,200. सहाव्या वर्षाचे 30 दिवस, म्हणजे 1,200. ग्रॅच्युइटी झाली 5,400 दिरहम. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. नोकरी संपली की 14 दिवसांत ही रक्कम द्यावी लागते. पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं बेकायदा आहे, उपचारासाठी जाताना तो मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तक्रारीसाठी कामगार मंत्रालयाचा नंबर 80084. आपल्या सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र दुबईत आहे, टोल फ्री 800 46342. तिथे हिंदीत बोलता येतं आणि सल्ल्याला पैसे लागत नाहीत. अगदीच अडचण असेल तर दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून गरज बघून उपचार किंवा तिकिटाला मदत मिळते. मागितली तरच मिळते.

आता गावाकडची बाजू. आपल्या महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आता ती आयुष्मान भारतबरोबर चालते आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती, आता पांढऱ्या कार्डालाही आहे. लागतं ते रेशनकार्ड आणि आधार. अडचण इथेच येते. दहा वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर आहे का, केवायसी झालंय का, हे कोणी बघितलेलं नसतं. या सुट्टीत गेलात की तहसीलमध्ये जाऊन ते काम आधी करा, आजार असो वा नसो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. ऑपरेशन योजनेत बसतं का? आयोडीन बसतं का? हेल्पलाइन 155388.

दहावीच्या आत शिकलेले, ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, त्यांनी येताना प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता भरलेला असतो. त्यात अपघाती मृत्यूचे 10 लाख आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. पण दवाखान्यात भरती झाल्यास 1 लाखापर्यंतची तरतूदही आहे. पॉलिसीची मुदत संपली नाही ना, बघा.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल आहे, 1941 पासून. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन वर्गांत नोंदणी होते, जनरलचा खर्च बराच कमी. तिथल्याच इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, 1963 पासूनचं. थायरॉइडसाठी आयोडीन देण्याचा देशातला मोठा अनुभव तिथला. हे आयोडीन ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होतं. ज्या उपचारासाठी लोक परदेश शोधतात, तो आपल्या हार्बर लाइनच्या शेजारी बनतो. गर्दी मात्र असते, नंबरासाठी थांबावं लागतं. म्हणून तारीख घेऊन मगच तिकीट काढा.

आयोडीनचा टप्पा शक्यतो गावाकडे करा, असं मी का म्हणतो? मोठा डोस घेतलेल्या माणसाच्या अंगातून काही दिवस किरणं निघतात. दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवतात. सुटल्यावरही काही दिवस एकट्याने झोपायचं, संडास शक्यतो वेगळा, लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब. आपल्या खोलीत सहा बंक आणि मजल्याला एक बाथरूम. तिथे हे कसं जमणार? घरी मागची एक खोली तरी रिकामी करता येते. त्याआधी बरेचदा काही आठवडे थायरॉक्सिन बंद ठेवतात. त्या काळात अंग जड होतं, झोप येते, विसरायला होतं. त्या दिवसांत मचाणावर चढायचं नाही. परत येताना डॉक्टरचं पत्र खिशात ठेवा, विमानतळावरचा किरण मोजणारा यंत्र वाजू शकतो.

मग आमच्या कारपेंटरने काय केलं? ऑपरेशन इथेच, विम्यावर. कामगार रजेवर आहे अशी नोंद. मग उरलेल्या रजेत मुंबईला जाऊन आयोडीन. इथून नेलं काय काय, ते लिहून घ्या: एफएनएसीचा आणि ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक, सोनोग्राफीची सीडी, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी. मुंबईतले डॉक्टर स्लाइड्स स्वतः पुन्हा तपासतात. त्या नसतील तर दिवस वाया जातात. डाय देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर तेही सांगा. त्या डायमध्ये आयोडीन असतं आणि त्यामुळे पुढचा डोस काही आठवडे लांबू शकतो.

सगळ्यांना हाच क्रम लागू पडेल असं नाही. प्रोबेशनवर असाल, विमा नाकारला असेल, घरच्यांजवळ राहून ऑपरेशन करावंसं वाटत असेल, तर सगळंच गावाकडे करा. पण राजीनाम्यावर नको, रजेवर जा. भारतातलं सर्टिफिकेट अटेस्ट करून लागेल का, हे एचआरला निघण्याआधी लेखी विचारा. आणि 180 दिवसांच्या वर बाहेर राहू नका, नाहीतर रेसिडेन्सी रद्द होते.

शेवटी गोळीबद्दल. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या-एक तासाने. आपली बस पाचला सुटते, तेव्हा उठल्या उठल्या घ्या. ऑपरेशननंतर बोटं किंवा ओठ मुंगावले तर कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं, लगेच दवाखाना गाठा. कॅल्शियमची गोळी आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचं अंतर हवं. गोळ्या उन्हात तापलेल्या बसमध्ये ठेवू नका. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून बंद तर अजिबात करू नका.

फोरमन आणि सुपरवायझर भावांना एकच सांगणं. तुमच्या गँगमधल्या माणसाचा आवाज महिनाभर बसलेला असेल तर त्याला अर्धा दिवस सोडा, दवाखान्यात पाठवा. स्लॅब एक दिवस उशिरा पडला तर चालतं. आपल्यातल्या प्रत्येकामागे गावाकडे चार-पाच तोंडं आहेत.

कोणाला विमा कार्ड दाखवायचं असेल तर आत्ता घेऊन या, मी तासभर इथेच आहे. कार्डावर मर्यादा काय, नेटवर्क कुठलं, ते एकत्र बसून वाचू.