हलू नका!
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावीच्या आपल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला एक चेहरा पुसट आहे. तो माझा. फोटोग्राफर "हलू नका" म्हणाला आणि मी नेमका हललो. आज लोकांना "हलू नका" सांगण्याचाच मला पगार मिळतो. मी एमआरआय विभागात टेक्निशियन आहे.

हृदयाचा एमआरआय एका क्लिकमध्ये होत नाही. एकेका चित्राची माहिती अनेक ठोक्यांमधून थोडी थोडी गोळा करावी लागते. ठोक्यांचा मेळ ईसीजीवरून बसवता येतो. पण श्वासाबरोबर छाती-पोटामधला पडदा वरखाली होतो, त्याच्यावर टेकलेलं हृदयही सरकतं, आणि चित्रात भुतासारख्या सावल्या उमटतात. म्हणून आम्ही सांगतो, "श्वास सोडा, आता थांबा." १०-१५ सेकंद, आणि असं अनेकदा.

एकदा हृदय कमजोर झालेल्या एक आजी आल्या. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा त्यांना धाप लागली. उतरताना म्हणाल्या, "माझ्यामुळे बिघडलं रे बाळा." मनाला लागलं. या तपासणीची ज्यांना खरी गरज, त्यांनाच श्वास रोखता येत नाही!

यावर एक उपाय वेगाचा. मोजमापं कमी घ्यायची आणि उरलेलं चित्र गणिताने भरून काढायचं. 'सेन्स' ही पद्धत १९९९ मध्ये मांडली गेली, 'कॉम्प्रेस्ड सेन्सिंग' एमआरआयमध्ये २००७ च्या सुमारास आलं. पण मोजमापं कमी असली की प्रत्येकाचं मोल वाढतं. मध्येच श्वास घेतला तर गणितही फसतं.

दुसरा उपाय म्हणजे श्वास चालू द्यायचा आणि त्यावर नजर ठेवायची. पडदा ठरावीक जागी असतानाचीच माहिती ठेवायची, बाकीची टाकून द्यायची. यात खूप वेळ जातो. नव्या पद्धतीत मोजणी चाकाच्या आऱ्यांसारखी होते. प्रत्येक आरी मध्यातून जाते, आणि त्या मध्यातल्या चढउतारावरून श्वास कुठे आहे ते कळतं. मग काही फेकायचं नाही. श्वासाच्या अवस्थांप्रमाणे माहितीचे गट पाडायचे आणि चित्रं तयार करायची. रुग्ण शांतपणे श्वास घेत राहतो.

सर, पाढे म्हणताना मी अडायचो, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, थांबलात. यंत्राला आता तेच जमू लागलं आहे.

ही सोय अजून सगळीकडे नाही. म्हणून घरातल्या कुणाला ही तपासणी सांगितली आणि श्वास रोखणं जमत नसेल, तर आम्हाला आधीच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.