शरीररचनेची चिनी नावे आणि मुक्त संगणक-आज्ञावली

वैद्यकाच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी दोन गोष्टी एकदमच शिकाव्या लागतात. एक, शरीरातील अवयव आणि दुसरी, त्या अवयवांची नावे. अवयव जगभर सारखेच असतात. नावांचे तसे नाही. विनामूल्य मिळणाऱ्या शरीररचनेच्या संगणक-आज्ञावलीत चिनी भाषेतील नावे कशी घालावयाची, आणि हे काम वरवर दिसते तितके सोपे का नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

‘झेड-अ‍ॅनॅटॉमी’ हे अशा आज्ञावलीचे एक उदाहरण होय. ती मुक्त स्रोत आहे. तिचा मूळ ऐवज कोणीही घ्यावा, सुधारावा आणि त्याच अटींवर पुन्हा इतरांस द्यावा, अशी तिची व्यवस्था आहे. तिच्यातील त्रिमितीय आकृत्यांचा पाया जपानमधील ‘बॉडीपार्ट्स थ्रीडी’ या संग्रहाने घातला. ‘ब्लेंडर’ नावाच्या, तितक्याच मुक्त अशा चित्रनिर्मितीच्या आज्ञावलीत या आकृत्या फिरवून, एकेक थर बाजूस सारून पाहता येतात. प्रत्यक्ष शवविच्छेदनाची जागा चित्र घेऊ शकत नाही, हे खरे. तथापि जेथे एका टेबलाभोवती विद्यार्थ्यांची दाटी असते आणि मागच्या रांगेतल्यास काहीच दिसत नाही, तेथे अशा चित्राचे मोल फार मोठे आहे.

या आकृत्यांना नावे देण्यासाठी ‘तेर्मिनोलोगिया अनातोमिका’ या आंतरराष्ट्रीय लॅटिन परिभाषेचा आधार घेतला जातो. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली व २०१९ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सात हजारांहून अधिक संज्ञा असून प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक आहे. भाषांतरकाराने धरावयाचा आधार हा क्रमांक आणि त्यापुढील लॅटिन नाव होय. इंग्रजी शब्द नव्हे. इंग्रजीत बाहुलीला ‘प्युपिल’ म्हणतात आणि विद्यार्थ्यालाही ‘प्युपिल’च म्हणतात. ‘काफ’ म्हणजे पोटरी आणि वासरूही. ‘पाम’ म्हणजे तळहात आणि ताडाचे झाडही. केवळ इंग्रजी शब्दांची यादी यंत्राच्या स्वाधीन केली, तर डोळ्याच्या मध्यभागी विद्यार्थी आणि गुडघ्याखाली वासरू अवतरण्याचा धोका असतो. अशी चूक हास्यास्पद असल्यामुळे निदान लगेच सापडते. खरा धोका न सापडणाऱ्या चुकीचा आहे.

त्याचे कारण चिनी परिभाषेच्या इतिहासात आहे. १७७१ साली जपानमधील एदो येथे सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शवविच्छेदन पाहिले. हातातील डच ग्रंथातील चित्रे प्रत्यक्षाशी तंतोतंत जुळतात, हे पाहून त्यांनी तो ग्रंथ भाषांतरित करण्यास घेतला. १७७४ साली ‘काइताई शिन्शो’ प्रसिद्ध झाला. तो विद्वानांच्या चिनी लेखनपद्धतीत लिहिलेला होता. मज्जातंतूला त्या परंपरेत नाव नव्हते. म्हणून चैतन्य आणि वाहिनी या अर्थांची दोन अक्षरे जोडून नवा शब्द घडविण्यात आला. पुढे १८०५ साली उदागावा गेन्शिन यांनी ग्रंथीसाठी एक नवे अक्षरच रचले. त्याचा डावा भाग मांसाचा आणि उजवा झऱ्याचा. ज्या मांसातून झरा पाझरतो ती ग्रंथी! अशी कल्पकता परिभाषेच्या इतिहासात क्वचितच आढळते.

चीनमध्ये मात्र वेगळा प्रवाह चालू होता. बेंजामिन हॉबसन या ब्रिटिश मिशनरी डॉक्टरने १८५१ साली क्वांगचौ येथे शरीररचनेवर चिनी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मज्जातंतूचे नाव ‘मेंदूच्या प्राणशक्तीची शीर’ अशा अर्थाचे होते. पुढे जपानी घडणीचा शब्दच चीनमध्ये रूढ झाला, आणि झऱ्याचे ते अक्षरही चिनी भाषेने स्वीकारले. या स्थिरावलेल्या परिभाषेचे मोल शिकविणाऱ्यासच अधिक कळते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथे चिनी शिकले आणि १९४२ साली अंत होईपर्यंत रुग्णसेवेबरोबर वैद्यकाचे अध्यापनही करीत राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. चीनमध्ये सुलभ केलेली अक्षरे चालतात, तैवानमध्ये जुनी. एका लिपीतून दुसरीत रूपांतर यंत्र क्षणार्धात करते, म्हणून एकाच भाषांतरावर दोहोंचे भागेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु मूत्राशयाखालील पुरःस्थ ग्रंथीचे उदाहरण पाहावे. चीनमधील नावाचा अर्थ ‘पुढच्या रांगेतील ग्रंथी’ असा होतो. तैवानमध्ये रूढ असलेल्या नावाचा अर्थ ‘रक्षण करणारी ग्रंथी’. मूळ ग्रीक शब्दात ‘पुढे उभा राहणारा’ आणि ‘रक्षक’ या दोन्ही छटा आहेत. एकाने एक उचलली, दुसऱ्याने दुसरी. अक्षरे कितीही बदलली, तरी एका नावाचे दुसरे होणार नाही. तैवानच्या विद्यार्थ्यास पडद्यावर अचूक जुनी अक्षरे दिसतील, पण नाव त्याच्या रुग्णालयात रूढ असलेले नसेल. न सापडणारी चूक ती हीच.

चिनी नावांचा एक मोठा गुणही सांगितला पाहिजे. ती बहुधा स्वतःच अर्थ सांगतात. मनगट मागे वाकविणाऱ्या एका स्नायूचे लॅटिन नाव पाच लांबलचक शब्दांचे आहे. चिनी नावात अवघी सहा अक्षरे असून त्यांतून स्नायूची बाजू, सांधा, लांबी आणि कार्य एवढे सर्व कळते. आकृतीवरील नामपट्टीसाठी हे फार सोयीचे. गळ्याखालच्या आडव्या हाडाला लॅटिनने ‘लहान किल्ली’ म्हटले, तर चिनीने ‘कुलपाचे हाड’. हा योगायोग गमतीचा खरा.

तांत्रिक अडचणी त्यामानाने लहान, पण टाळता न येणाऱ्या आहेत. निवडलेल्या अक्षरसंचात एखादे अक्षर नसेल, तर नावाच्या जागी रिकामा चौकोन उमटू शकतो. हाड या अर्थाच्या अक्षराला संगणकात सर्वत्र एकच क्रमांक आहे. मात्र त्याच्या वरच्या भागातील लहानशी घडी चीनमध्ये एका बाजूस काढतात आणि जपानमध्ये दुसऱ्या. म्हणून जपानी अक्षरसंच वापरल्यास चिनी वाचकाला ते परके वाटते. डाव्या-उजव्याची खूण अशा आकृत्यांच्या नावाशेवटी जोडण्याचा प्रघात आहे. चिनीत ‘डावा’ हा शब्द आधी येतो. ही खूण हाताने हलविताना एकदा चूक झाली, की आरशातल्यासारखे शरीर तयार होते. मुक्त आज्ञावलीची प्रत कोणीही घेत असल्याने ती चूकही प्रतीबरोबर पसरत जाते.

यासाठी चीन आणि तैवान यांचे रकाने आरंभापासूनच वेगळे ठेवणे इष्ट. चीनमध्ये वैज्ञानिक संज्ञा निश्चित करण्यासाठी १९८५ साली राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिने मान्य केलेली शरीररचनेची नावे चीनच्या रकान्यासाठी प्रमाण मानता येतील. प्रत्येक नावापुढे ते कोठून घेतले याची नोंद असावी. दोन जाणकारांनी तपासलेले नसेल असे नाव आज्ञावलीत घालू नये. तो रकाना मोकळा ठेवावा आणि तेथे लॅटिन नाव दिसेल, अशी सोय करावी.