सागरतळींची खाण

महासागरांच्या तळावर कांहीं ठिकाणीं बटाट्यांएवढे काळे गोळे पसरलेले आहेत. मँगेनीज, निकेल, तांबें व कोबाल्ट त्यांत एकवटलेलीं असून, असा गोळा दहा लक्ष वर्षांत जेमतेम कांहीं मिलिमीटर वाढतो! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानें २६ जानेवारी १९८१ रोजीं भारतासाठीं ते प्रथम वर काढले.

परंतु नमुना काढणें निराळें, खाण चालविणें निराळें. पांच हजार मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें पांचशें किलोग्रॅम भार पडतो. ज्या लहरींनीं हें भाषण घरोघर पोंचतें, त्या खाऱ्या पाण्यांत शिरतांच विरतात; यंत्रास हुकूम द्यावयाचा तो तारेनें किंवा ध्वनीनें. तथापि खरी अडचण दाबाची नव्हे, चिखलाची. यंत्र जड केलें तर तें रुततें, हलकें केलें तर त्यास पकड मिळत नाहीं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचें 'वराह' यंत्र (नांव समर्पकच!) २०२१ सालीं मध्य हिंदी महासागरांत ५,२७० मीटर खोलीवर चाललें. पुढें हे गोळे कित्येक किलोमीटर लांब नळींतून, ती तुंबूं न देतां, हेलकावणाऱ्या जहाजावर चढवावयाचे. पॅसिफिकमध्यें २०२२ सालीं प्रयोगादाखल तेंहि साधलें. सुमारें तीन हजार टन गोळे वर आले.

ढवळलेला तळ पूर्ववत् करणारें यंत्र मात्र कोणापाशींच नाहीं. पेरूच्या पश्चिमेस शास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं हेतुपुरस्सर नांगरलेल्या चाकोऱ्या २०१५ सालींहि स्पष्ट दिसत होत्या.